मूळ कामच जमत नाही, मग वीज, खत आणि पाणीविक्री कशाला? दसकच्या प्रश्नाला माझं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहिते. तुम्ही नाशिकमध्ये दसकला राहता, घरामागून गोदावरी जाते, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत पाणी दिसत नाही इतक्या पाणवेली साचतात आणि संध्याकाळ झाली की वासाने खिडक्या लावाव्या लागतात. एकीकडे ऐकता की शहराचं मलजल शुद्ध करून नदीत सोडतात, दुसरीकडे २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने चर्चा चालू आहे की एसटीपीतून, म्हणजे मलजल शुद्धीकरण केंद्रातून, वीज करायची, खत करायचं, पाणी थर्मलला (औष्णिक वीज केंद्राला) आणि कारखान्यांना द्यायचं. तुमचं म्हणणं असं की आधी पाणी नीट साफ करा, ते जमेना आणि हे जोडधंदे कशाला.

मी केमिस्ट्री करून एसटीपीच्या लॅबमध्ये लागले, आता प्रोसेस बघते, सगळं मिळून २३ वर्षं झाली, थोडी नाशिकमध्ये, थोडी बाहेर. तुमचा राग बरोबर आहे हे आधीच सांगते. पण ज्याला तुम्ही जोडधंदे म्हणताय त्यातला निम्मा भाग हेच आता मूळ काम झालंय, आणि ते केलं नाही तर तुमच्या मागची पाणवेली कधीच जाणार नाही. कसं ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी हे बघू की 'शुद्ध' म्हणजे काय धरलं होतं. आपल्याकडचे तपोवनचा १३० एमएलडीचा (एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर), आगरटाकळीचा ११० एमएलडीचा हे जे मोठे जुने प्लांट आहेत ते यूएएसबी पद्धतीवर उभारलेले. यात मलजल टाकीच्या तळातून वर येतं, मध्ये काळ्या गाळाची जाड गादी असते, त्यातले जिवाणू हवेशिवाय घाण खातात, गॅस वर येतो आणि छत्रीसारख्या झाकणाखाली जमतो. मग पुढच्या तलावात थोडी हवा, थोडा निवारा, क्लोरिन आणि पाणी नदीत. वीज फार कमी लागते म्हणून त्या काळी आपल्यासारख्या शहराला हे परवडणारं होतं आणि डिझाइन करणाऱ्यांनी काही चूक केली असं मी म्हणणार नाही. तेव्हा टार्गेट एकच, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना नदीतला किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. मासे मरू नयेत, पाणी काळं पडू नये, एवढाच विचार.

आता पाणवेलीला बीओडीशी काही घेणंदेणं नाही. तिला लागतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत युरिया आणि डीएपी. आणि यूएएसबी नायट्रोजन काढत नाही, उलट मलमूत्रातला जो नायट्रोजन बांधलेला असतो तो मोकळा करून अमोनिया करून देतो, म्हणजे पाणवेलीला आयता घास. एक सोपं गणित लक्षात ठेवा, आम्ही दिवसभर हेच वापरतो: एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम असेल तर एका एमएलडीत, म्हणजे दहा लाख लिटरमध्ये, एक किलो. समजा १०० एमएलडीच्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनियाचा नायट्रोजन ३० मिलिग्रॅम आहे, जो नुसत्या यूएएसबीनंतर सहज असू शकतो. म्हणजे रोज ३००० किलो नायट्रोजन. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो आणि गोणी ४५ किलोची, तर हिशोब होतो साधारण १४५ गोण्या. रोज १४५ गोण्या युरिया नदीत ओतल्यासारखं, आणि तरीही बीओडीच्या रकान्यात आकडा नियमात, रिपोर्टवर सही, सगळं पास.

म्हणून कागदावर शुद्ध पाणी आणि तुमच्या मागे हिरवागार गालिचा, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, त्यात कोणी खोटं बोलत असलंच पाहिजे असं नाही. अनुकूल हवा असेल तर पाणवेली दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते, मशीन लावून काढली तर परत येते, कारण खायला घालणं थांबलेलंच नाही. पावसाळ्यात हाच सगळा लगदा वाहून सायखेडा-चांदोरीच्या पुलाला अडकतो, तिथल्या लोकांना विचारा पूर आला की काय हाल होतात. आणि त्याच्या खाली नांदूरमध्यमेश्वर, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, तिथलं पाणी म्हणजे आपल्या नाशिकच्या बाथरूमचा पुढचा मुक्काम आहे, आणि त्याहून पुढे जायकवाडी, ज्याचं पाणी मराठवाडा पितो. हे आम्ही प्लांटवर काम करणाऱ्यांनी पूर्वी डोळ्यासमोर ठेवलंच नाही, आमचं काम आउटलेट पाइपच्या तोंडाशी संपायचं. आता संपत नाही.

नियमही तसेच बदलत गेले. २०१७ ला केंद्राने एसटीपीसाठी नियम काढले त्यात नायट्रोजन-फॉस्फरस नव्हतेच, मग एप्रिल २०१९ मध्ये हरित लवादाने मोठ्या शहरांसाठी कडक आकडे सांगितले, बीओडी १०, एकूण नायट्रोजन १०, फॉस्फरस १. ३० वरून १० वर बीओडी आणणं एक गोष्ट, पण नायट्रोजन १० म्हणजे प्लांटची जातच बदलावी लागते. जुन्या प्लांटला रंग देऊन, चार एरेटर बसवून होणारं काम नाही ते.

पण इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती परिस्थितीवर आहे आणि मी तुमच्या घरामागे उभी नाही. दसकच्या पाणवेलीला प्लांटचं पाणी किती जबाबदार आणि प्लांटपर्यंत न पोचलेलं पाणी किती, हे मोजल्याशिवाय कोणी सांगू नये. नासर्डी, वाघाडी आणि छोटेमोठे नाले, यात जे मलजल थेट उतरतं ते कोणत्याच प्लांटमधून जात नाही, मग प्लांट सोन्याचा बांधा. ओळखायची युक्ती साधी आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळात नाल्याच्या तोंडाशी जा, घरोघरी आंघोळी-भांडी चालू असतात तेव्हा नाला फुगतो, पाणी राखाडी-दुधाळ होतं, साबणाचा फेस येतो, आणि दुपारी दोन-तीनला तोच नाला निम्म्यावर उतरलेला दिसला तर समजा की त्यात घरांची लाइन जोडलेली आहे. पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी घड्याळ बघून वाहत नाही. माझ्या मते पैसे मर्यादित असतील तर पहिला रुपया इथे जावा, हे सगळे चेंबर शोधून मेन लाइनला जोडण्यात. उद्घाटनाला फोटो चांगला येत नाही या कामाचा, पण नदीला सगळ्यात जास्त उपयोग याचाच.

आता वीज. इथे तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे ना की साफ करता येत नाही आणि वीज कसली करताय. अमोनिया काढायचा म्हणजे काय करायचं तर जिवाणूंना हवा द्यायची. एक किलो अमोनिया-नायट्रोजनला साडेचार किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. मघाच्या ३००० किलोला साडेतेरा हजार किलो ऑक्सिजन रोज, आणि तो पाण्यात विरघळवायला ब्लोअर चालवायचे, म्हणजे साधारण सात-आठ हजार युनिट रोजचे, नुसत्या या एका कामासाठी. हे बिल कोण भरणार? मी असे प्लांट पाहिलेत, आपल्या इथलेच असं नाही, जिथे ब्लोअर उत्तम बसवलेले आणि महिन्याचं बिल बघून रात्री बंद ठेवायचे. पाणी साफ होत नाही त्यामागे बऱ्याच वेळा टेक्नॉलॉजी नसते, विजेचं बिल असतं. आणि ती वीज येते कुठून, तर एकलहऱ्याला कोळसा जाळून वगैरे. म्हणजे नदी साफ करायला हवा घाण करायची. त्यामुळे मलजलातल्याच घाणीतून गॅस काढून त्याची वीज ब्लोअरला देणं हा जोडधंदा नाही हो, तो प्लांट चालू राहण्याचा बंदोबस्त आहे.

शिवाय तो गॅस नुसता सोडून दिला तर काय होतं ते बघा. त्यात मुख्य मिथेन, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. छत्रीखाली जमलेला गॅस जाळला किंवा इंजिनाला दिला तर ठीक, पण बराचसा पाण्यातच विरघळून बाहेर जातो आणि पुढे पाणी उसळलं की हवेत निघतो, यूएएसबीची ही मोठी उणीव आहे आणि पूर्वी ती कोणी मोजतच नव्हतं. आणि तुमचा संध्याकाळचा वास, तो मिथेनचा नाही, मिथेनला वास नसतो. तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा. संध्याकाळी वारा पडतो, थंड हवा नदीच्या पात्रात बसून राहते, म्हणून दुपारी नाही आणि सातनंतर येतो. पाणवेलीखाली पाण्याला ऑक्सिजन मिळत नाही, तिथला गाळही तोच वास सोडतो, त्यामुळे वास फक्त प्लांटचा असं लगेच धरू नका. हाच वायू बंद चेंबरमध्ये साचतो आणि त्यात उतरलेली माणसं मरतात. माणसाला असं गटारात उतरवायला बंदी करणारा २०१३ चा कायदा आहे, तरी अधूनमधून बातमी वाचावी लागते आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या माणसाला एक साधा गॅस मीटर खाली सोडून बघायला कोणी सांगितलेलं नसतं.

मग जुने यूएएसबी मोडून सगळीकडे एसबीआर करा, असं बरेच जण सांगतात. एसबीआर म्हणजे एकाच टाकीत पाळीपाळीने भरणं, हवा देणं, निवळवणं, वरचं पाणी काढणं. पाणी फार सुरेख निघतं, मी चालवलेत. पण वीज पुरेपूर खातं आणि गॅस शून्य, गाळ वेगळ्या डायजेस्टरमध्ये (हवाबंद टाकीत) कुजवला तरच गॅस. दुसरीकडे यूएएसबी ठेवून मागे नायट्रोजन काढायची टाकी लावली तर वेगळी अडचण, अमोनियाचा नायट्रेट झाल्यावर तो हवेत सोडणाऱ्या जिवाणूंना खायला थोडी घाण लागते आणि ती तर यूएएसबीने आधीच संपवलेली. त्यासाठी थोडं कच्चं मलजल बगल देऊन पुढच्या टाकीत घालावं लागतं, ते किती घालायचं हे ऑपरेटरच्या हातात, आणि चुकलं तर नायट्रस ऑक्साइड वाढतो जो मिथेनपेक्षाही दसपट वाईट. तर एकच उत्तर नाही. टाक्यांचं काँक्रीट अजून धड असेल, हायड्रोजन सल्फाइडने सळया खाल्ल्या नसतील तर मी यूएएसबी पूर्ण मोडायच्या बाजूने नाही. काँक्रीट गेलं असेल तर भावनेत न अडकता नवीन बांधावं.

थंडीचंही सांगते कारण हे बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या लक्षात राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहावर येतो, द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. मलजल त्यापेक्षा बरंच गरम असतं पण तेही उतरतं, आणि अमोनिया खाणारे जिवाणू मुळात फार सावकाश वाढणारे, गारठ्यात आणखी मंद. त्यांना पोसायला गाळ जास्त दिवस टाकीत ठेवावा लागतो. मे महिन्याच्या आकड्यांवर डिझाइन केलेला प्लांट जानेवारीत अमोनिया सोडतो, आणि बरोबर जानेवारी-फेब्रुवारीतच नदीचा प्रवाह कमी होऊन पाणवेली धरायला लागते. तुम्ही फेब्रुवारी म्हणालात ना, त्यात याचाही हात असू शकतो.

आता पाणी थर्मलला आणि कारखान्यांना देण्याचं. इथे मी तुमच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. नागपूर महापालिका कोराडीच्या वीज केंद्राला शुद्ध केलेलं मलजल देते, रोजचे १३० एमएलडी, सुरतला पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना जातं, चेन्नईला कारखान्यांसाठी ४५ एमएलडीचे दोन प्लांट आहेत. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात तर आहेच की एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हेच पाणी वापरायचं. कल्पना चांगली, धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं. पण नाशिकचा प्रश्न नागपूरपेक्षा वेगळा आहे. उन्हाळ्यात धरणाचं आवर्तन नसतं तेव्हा गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, तपोवनच्या खाली जे वाहतं त्यात एसटीपीच्या पाण्याचा वाटा फार मोठा असतो. ते सगळं पाइपात भरून विकलं तर नदीत काय उरलं? आणि ओढा, चांदोरी, सायखेडा या पट्ट्यात नदीला मोटारी टाकून बसलेला शेतकरी काय करणार? कागदावर त्याचा हक्क नोंदलेला असेल-नसेल, पण वर्षानुवर्षं त्याची बाग त्याच पाण्यावर आहे.

एकदा त्या भागातले एक काका प्लांटवर आले होते, पिशवीत पाण्याची बाटली आणि द्राक्षाची चार पानं. पानांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या. म्हणाले, ताई, हे पाणी बागेला चालंल का नाही तेवढं सांगा, बाकी मला काही कळत नाही. बाटलीतलं पाणी दिसायला आमच्या आउटलेटसारखंच, किंचित पिवळसर, तळाला बोटभर हिरवं शेवाळ. लॅबमध्ये ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) लावला, क्लोराइड काढलं. आमचा बीओडी त्या दिवशी अगदी नियमात होता, आणि त्यांच्या बागेचा प्रश्न होता मिठाचा. माणसाच्या लघवीतून, साबणातून, बोअरच्या पाण्यातून जे मीठ येतं ते आमच्या कोणत्याच टाकीत निघत नाही, द्राक्षाला सोडियम-क्लोराइड जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली बाग थोडं सहन करते, स्वमुळावरची नाही. त्यांना सांगितलं की आवर्तनाच्या पाण्यात मिसळून द्या, फिल्टर रोज उलटा धुवा नाहीतर ड्रिपर शेवाळाने बसतील, आणि पालेभाजीला हे पाणी अजिबात देऊ नका कारण क्लोरिन कमी पडलं त्या दिवशी जंतू थेट कोथिंबिरीवर. ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करत होते की हा माणूस आमचा गिऱ्हाईक आहे आणि आमच्या एकाही फॉर्मवर त्याच्या प्रश्नाचा रकाना नाही.

म्हणून माझं मत असं की पाणी विकायला हरकत नाही पण आधी नदीसाठी किती ठेवायचं ते महिन्यानुसार ठरवा, मार्च ते मे जास्त, आणि उरलेलं विका. विकायचं तर त्याचीही तयारी लागते, थर्मलच्या कूलिंगला अमोनिया असलेलं पाणी दिलं तर कंडेन्सरच्या तांब्याच्या नळ्या खराब होतात, फॉस्फेट असेल तर पापुद्रे धरतात. म्हणजे फिरून तेच, नायट्रोजन-फॉस्फरस काढल्याशिवाय ना नदी सुटते ना गिऱ्हाईक मिळतं.

खताचं मात्र मी फार जपून बोलेन. गाळ वाळवायच्या बेडवर उन्हाळ्यात भेगाळलेल्या खपल्या निघतात, काळ्या, हलक्या, मातीसारखा वास, बघितल्यावर कोणत्याही शेतकऱ्याला मोह होईल. त्यात नायट्रोजन आहे, फॉस्फरस आहे. फॉस्फरस आपण खडकाच्या रूपात बहुतेक परदेशातून आणतो, आणि जर्मनीत तर २०२९ पासून मोठ्या प्लांटना गाळातून फॉस्फरस परत काढणं कायद्यानेच बंधनकारक होतंय. पण गाळ हा प्लांटची स्मरणशक्ती असतो, शहराने जे जे गटारात टाकलं ते त्यात बसलेलं असतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या प्लांटवर होते तिथली एक रात्र सांगते. पावणेतीनला ऑपरेटरचा फोन, मॅडम इनलेटला पाणी हिरवट दिसतंय. मी पोचले तेव्हा स्क्रीनवर टॉर्च मारला तर मलजलाचा नेहमीचा करडा रंग नाही, पातळ हिरवट झाक आणि वास आंबट धातूचा. पीएच पेपर लावला तर लालसर. कोणीतरी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा द्यायच्या, टाक्या रात्रीत गटारात रिकाम्या केल्या होत्या. दोन तासांत ते ओसरलं पण सकाळी मोजपात्रात गाळ घेऊन अर्धा तास ठेवला, रोज खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसायचं ते दिसेना, गढूळच राहिलं, टाकीत गॅसचे बुडबुडे जवळपास थांबले. पुढचे पाच आठवडे प्लांट सावरत होता आणि तितके दिवस नदीत काय गेलं ते मला माहीत आहे. कोणी टाकलं ते सापडलं नाही. तो गाळ आम्ही कोणाला शेतीसाठी देऊ दिला नाही. शहरी कंपोस्टला निकेलची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ आहे, तपासणी न करता ट्रॉली भरून देणारा माणूस शेतकऱ्याच्या जमिनीत काय पुरतोय ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून खत करा, पण प्रत्येक लॉटचा धातूंचा रिपोर्ट गोणीवर लावा, आणि आधी औद्योगिक पाणी घरगुती लाइनीतून वेगळं काढा.

आपल्या नाशिकने एक प्रयोग केलाय तो मला आवडतो, विल्होळीजवळ खत प्रकल्पाच्या आवारात सार्वजनिक शौचालयांचा, सेप्टिक टँकचा मैला आणि हॉटेलांचं ओलं खरकटं एकत्र कुजवून गॅस आणि त्याची वीज, जर्मन सहकार्याने उभा राहिला. खरकट्यात ऊर्जा भरपूर, नुसत्या मैल्यात कमी, दोन्ही मिळून डायजेस्टर नीट चालतो. अडचण यंत्राची कमी आणि वेळेवर, वेगळं केलेलं खरकटं येण्याची जास्त, त्यात प्लास्टिकचे चमचे आले की पंप अडतो.

रोगांचं पण एक काम या प्लांटकडे येतंय जे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण सिंहस्थाच्या दृष्टीने महत्त्वाचं. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात, कोविडमध्ये हेच अनेक शहरांत झालं. माणूस दवाखान्यात जायच्या आधी त्याचा आजार गटारात उतरलेला असतो. कुंभात काही दिवसांत लाखो माणसं वाढतात, त्या वेळी रोज एक बाटली नमुना घेऊन कॉलरा-टायफॉइड बघणं फार स्वस्त आहे. फक्त ती यंत्रणा आदल्या वर्षीच बसवावी लागते, गर्दीत सुरू करता येत नाही. प्लांटचंही तसंच, जिवाणूंना वाढायला महिने लागतात, मंत्र्यांनी बटण दाबलं म्हणून ते दुसऱ्या दिवशी कामाला लागत नाहीत. कुठल्याही नवीन टाकीला पर्वणीच्या आधी एक पूर्ण हिवाळा आणि एक पावसाळा मिळाला पाहिजे.

पावसाळा म्हटलं म्हणून, हे तुमच्या-माझ्या हातातलं आहे. बंगल्याच्या, सोसायटीच्या गच्चीचं पाणी सर्रास ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेलं असतं. माणशी १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के मलजल, म्हणजे १०८ लिटर असा हिशोब धरून प्लांट बांधतात. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एका तासात इंचभर पाऊस पडला तर २३०० लिटरच्या वर पाणी उतरतं, म्हणजे एका घराने तासात वीसेक माणसांचं दिवसाचं मलजल लाइनीत घातलं. जुलैमध्ये प्लांटला येणारा लोंढा असा अंगावर येतो की महिनोन्‌महिने पोसलेला गाळ उचलून नदीत जातो, किंवा उपसा केंद्रावरच बगल द्यावी लागते. तुमच्या इमारतीचं कुठे जोडलंय ते या रविवारी बघून घ्या, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि तुम्ही विचारलंत की सामान्य माणसाने मागायचं काय. माहिती अधिकारात दसकच्या वरच्या प्लांटांचे मागच्या १२ महिन्यांचे इनलेट-आउटलेट रिपोर्ट मागा, पण अर्जात स्पष्ट लिहा की बीओडी, सीओडी (घाणीचं रसायनाने काढलेलं माप) बरोबर अमोनिया-नायट्रोजन, एकूण नायट्रोजन, फॉस्फरस आणि फीकल कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) हवे. सोबत ब्लोअरचे रोजचे चालू तास आणि महिन्याचे वीज युनिट मागा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्लांट खरंच चालला का ते कळतं. अर्ज लिहायला मदत लागली तर मी कच्चा मसुदा करून देते. रिपोर्ट हातात आले की इथे टाका, मी एकेक ओळ वाचून सांगेन, आणि अमोनियाचा रकानाच रिकामा असेल तर तेही पान टाका, मग त्या रकान्यासाठी आपण दोघं मिळून दुसरा अर्ज करू.